गोळी थांबवली, पण इच्छा परतली नाही

प्रश्न : माझं वय ३४. डिप्रेशनसाठी दोन वर्षं एस्सिटालोप्राम २० मिलिग्रॅम घेत होते. मन सावरलं, पण संबंधांची इच्छाच गेली आणि ऑरगॅझम तर येईनासाच झाला. डॉक्टरांना हे सांगायची लाज वाटली. शेवटी दीड महिन्यापूर्वी कोणालाही न विचारता गोळी एकदम बंद केली. पहिले दोन आठवडे चक्कर, मळमळ, आणि डोळे फिरवले की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. ते ओसरलं. पण आता योनीच्या भागात बधिरपणा आहे. नवऱ्याने हात लावलेला कळतो, त्यात काही वाटत मात्र नाही. त्याला वाटतं, माझं त्याच्यावरून मन उडालंय. हे कायमचं आहे का? गोळी परत सुरू करू का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात घाई होण्याची भीती आहे. घरात उरलेल्या स्ट्रिपमधली २० ची गोळी स्वतःच्या मनाने परत सुरू करू नका. चक्कर, करंट हे अचानक बंद केल्याचे त्रास होते आणि ते गेले आहेत. बधिरपणा गोळीने जाईल याची खात्री नाही. उलट ज्या त्रासाला कंटाळून तुम्ही ती सोडलीत, तोच परत येईल. मात्र उदासी परतत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे लगेच जा. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी, घरच्या कोणाला तरी सोबत घेऊन.

तुम्हाला जे होतंय ते मनाचे खेळ नाहीत. ही औषधं मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतात. त्याने मन स्थिरावतं. पण लैंगिक उत्तेजना आणि ऑरगॅझम यांना तेच सेरोटोनिन आवर घालतं. औषध वर्षानुवर्षं असलं की मेंदूतल्या पेशी त्याच्याशी जुळवून घेतात. एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी साधारण ३० तासांत निम्मी होते. औषध असं साधारण आठवडाभरात निघून जातं, जुळवून घेतलेल्या पेशींना मात्र पूर्वपदावर यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. डिप्रेशनवरचीच पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही औषधं शरीरातून त्याहूनही लवकर उतरतात, म्हणून ती एकदम सोडणाऱ्यांचे हाल जास्त होतात. फ्लुओक्सेटिन अंगात काही आठवडे रेंगाळतं, त्यामुळे तिथे त्रास सहसा सौम्य असतो.

एकदम बंद केल्यावर प्रत्येकाचं शरीर एकाच दिशेने जात नाही. काही पुरुषांना शीघ्रपतन सुरू होतं. काहींना, त्यातही जास्त करून स्त्रियांना, मनात इच्छा नसताना जननेंद्रियांत सतत उत्तेजना जाणवते. ऐकणाऱ्याला ही तक्रार वाटणारही नाही, पण ज्यांना होतं त्यांना बसवत नाही, झोपवत नाही. आणि तुमच्यासारखा बधिरपणाही होतो.

आता ‘कायमचं आहे का?’ बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फरक पडतो. दीड महिन्यावर निकाल लावू नका. पण तुम्हाला खोटा दिलासाही देणार नाही : काही जणांमध्ये औषध सुटल्यावरही बधिरपणा, इच्छेचा अभाव, सुखाविना ऑरगॅझम हे त्रास खूप काळ टिकतात. २००६ पासून अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. २०१९ मध्ये युरोपियन औषध नियामक संस्थेने या गटातल्या औषधांच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालायला सांगितलं. तेव्हा कोणी ‘असं काही नसतंच’ म्हणालं, तर दुसरा डॉक्टर गाठा. या टिकून राहणाऱ्या त्रासावर सिद्ध झालेला उपचार अजून नाही. खात्रीचा इलाज म्हणून महागडे कोर्स विकणाऱ्यांपासून लांब राहा.

तपासणी मात्र करून घ्या, सगळं खापर गोळीवर फोडू नका. थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे हार्मोन, रक्तातली साखर बघायला हवी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. बधिरपणासोबत पाठ जोरात दुखत असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा गुदद्वाराभोवती स्पर्श कळत नसेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. तो मज्जातंतूंवरच्या दाबाचा त्रास असू शकतो.

आणि डॉक्टरांना सांगायचं कसं? माझ्या खोलीत हा विषय बहुतेक वेळा रुग्ण उठून दाराच्या कडीला हात घातल्यावर निघतो : ‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं...’ तेव्हा मी परत बसायला सांगते. तुम्ही मात्र आत गेल्या गेल्या बोला. वाक्य लिहून नेलंत तरी चालेल : ‘गोळी सुरू झाल्यावर इच्छा गेली, ऑरगॅझम बंद झाला, अमुक तारखेला मी गोळी एकदम थांबवली, आणि आता योनीत बधिरपणा आहे.’ यात अश्लील काही नाही. खरं तर हे डॉक्टरांनी आपणहून विचारायला हवं. औषध लिहून देणाऱ्याने दर भेटीत झोप विचारावी, भूक विचारावी आणि हेही विचारावं. ते विचारत नाहीत म्हणून कितीतरी जण तुमच्यासारखे गुपचूप गोळी सोडतात, याचा मला मनापासून राग येतो.

ज्यांची गोळी अजून चालू आहे त्यांच्यासाठी : ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने कमी करा. २० वरून १० वर आलात म्हणून मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही, थोडासाच उतरतो. ५ वरून शून्यावर येताना मात्र एकदम खाली आपटल्यासारखं होतं. म्हणून शेवटचे टप्पे सगळ्यात लहान आणि सावकाश हवेत. गरज पडली तर पातळ औषध वापरता येतं. एक दिवसाआड गोळी घेणं म्हणजे कमी करणं नव्हे. त्यात पातळी सारखी वर-खाली होते. पोटात हळूहळू औषध सोडणारी कॅप्सूल किंवा गोळी आपल्या मनाने फोडू नका.

नवऱ्याला ही चिठ्ठी वाचायला द्या. त्याला स्पष्ट सांगा की हा औषधाशी जोडलेला शारीरिक त्रास आहे, त्याच्याबद्दलचं मत नाही. सध्या संबंध ‘जमले की नाही’ याची परीक्षा घेऊ नका. नुसतं जवळ झोपणं, पाठीवरून हात फिरवणं, यात काही सिद्ध करायचं नसतं. शक्य असेल तर डॉक्टरांकडे दोघं जा. पुढे कधी पुन्हा औषधाची गरज पडलीच, तर बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझपिन यांबद्दल विचारा. त्यांत लैंगिक त्रास बराच कमी असतो. फिट येण्याचा इतिहास असेल तर बुप्रोपिऑन चालत नाही, हे आधीच सांगून ठेवा.