‘आघाडी संघटना’ नव्हे, बुजगावणे

विचारणा अशी आहे: सिगारेट कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या, पण आपण स्वतंत्र शास्त्रीय संस्था आहोत असे भासवणाऱ्या ‘फ्रंट ग्रुप’ला ‘आघाडी संघटना’ म्हणावे का?

मुळीच नाही. हा शब्द वाचून वाचून जीव विटला आहे. आघाडीवर असतो तो पहिला वार झेलतो. इथे खरा धनी मागे दडलेला. ‘मुखवटा संघटना’ सुचवणाऱ्या पंडितांशीही माझे पटत नाही. ज्येष्ठागौरीचा मुखवटा आपण देवी घरात आली म्हणून बसवतो, तिला लपवायला नव्हे. गौरी बसवलेल्या घरात एकदा जाऊन यावे आणि मग परिभाषा घडवावी.

शब्द आहे बुजगावणे. त्यातला ‘गाव’ पाहून गावाशी नाते जोडू नका, मूळ ‘बुजणे’ आहे. खड्डा बुजतो तो नव्हे, बैल बुजतो तो. वाटेत पडलेला दोर पाहून बैल बुजतो तेव्हा जागीच थबकतो, कान टवकारतो, कासरा ओढला तरी पाऊल उचलत नाही. बुजरा त्यातलाच.

लोकांनी सिगारेटला नव्हे, तर त्यांना सावध करू पाहणाऱ्या विज्ञानाला असेच बुजावे, ही कंपन्यांची गरज होती. १९५३ मध्ये सिगारेटच्या डांबराने उंदरांच्या कातडीवर कर्करोग होतो हे प्रसिद्ध झाले. लगेच ४ जानेवारी १९५४ ला अमेरिकेतल्या ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली: पुरावा निर्णायक नाही, आम्ही ‘टोबॅको इंडस्ट्री रिसर्च कमिटी’ नेमत आहोत. दांडके रोवले हिल अँड नोल्टन या प्रसिद्धी कंपनीने. वर सदरा चढवला क्लॅरेन्स कुक लिटल या नामवंत आनुवंशशास्त्रज्ञाचा.

आता नावाकडे बघा. १९६४ मध्ये त्यातला ‘इंडस्ट्री’ गळला, ‘कौन्सिल फॉर टोबॅको रिसर्च’ झाले. १९९३ मध्ये, दुसऱ्याच्या धुराने होणाऱ्या कर्करोगाचा पुरावा झाकोळायला फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने नवी संस्था उभी केली, तिच्या नावात ‘टोबॅको’ही नाही: ‘द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ साउंड सायन्स कोअलिशन’. दर वेळी सदरा अधिक स्वच्छ. ब्राउन अँड विल्यमसन कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात तर लिहूनच ठेवले आहे की संशय हाच आमचा माल.

अनेकवचन बुजगावणी. ‘बुजगावणा’ असे पुल्लिंगी रूप करू नये.