‘सगळ्यांना आमच्याच बागेतून का जायचं असतं?’

“लोक आमच्या बागेतून ये-जा करतात, सांगून सांगून दमलो, आता काय करावं?” हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. उत्तरादाखल लातूरच्या एका निवृत्त शिक्षकांची हकीकत सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

त्यांना सूनबाई घेऊन आल्या होत्या. “मामा पहाटे साडेपाचपासून खुर्ची टाकून राखण करत बसतात, मॅडम. बीपी वाढलंय. काल एका लेकराच्या अंगावर पाण्याचा पाइप सोडला.” सर खाली मान घालून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “लेकरं वाईट नाहीत हो. पण मी समोर बसलेला असताना तुडवून जातात. मी दिसतच नाही का त्यांना?”

घर कॉर्नरच्या प्लॉटवर, एका बाजूला कुंपण नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा सरांनी भांडी धुतलेल्या पाण्यावर एक मोगरा जगवला होता. त्याच मोगऱ्याच्या आळ्यात त्यांना एके दिवशी बुटाचा ठसा दिसला, आणि झोप उडाली ती तिथून.

माझा पहिला सल्ला चुकला. “प्रेमाने समजावून सांगा,” असं मी म्हटलं. रोज नवी लेकरं, रोज तेच बोलणं. सर आणखी थकून परत आले. मग मी त्यांना हजेरी घ्यायला सांगितली. आठ दिवस ओरडायचं नाही, फक्त लिहायचं: किती वाजता, कोण, कुठून कुठे.

त्यांनी पट्टीने रकाने आखलेली वही आणली. जवळपास सगळी नोंद सकाळी सहा ते सातमधली, ट्यूशनला जाणाऱ्या लेकरांची. खाली लाल शाईत एक ओळ होती: ‘पुढच्या वळणावर नालीचं पाणी रस्त्यावर. सायकल नेता येत नाही.’ ती ओळ मला वाचून दाखवताना सरांचा आवाज बदलला होता. त्यांना कमी लेखायला कुणी येत नव्हतं. लेकरं घाण पाणी चुकवत होती.

मी जाऊन बाग पाहिली. काळी माती. पायाखाली दाबली गेली की तिच्यातली हवेची जागा मिटते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. त्या पट्ट्यात सरांनी दोनदा लॉन लावलं आणि दोन्ही वेळा ते जळालं, त्याचं कारण हेच. माझं स्पष्ट मत आहे की पाऊलवाट एकदा पडली की तिचं तोंड पक्कं बंद करावं, नाहीतर तिला नीट वाट करून द्यावी. दोरी बांधणं, ‘आत येऊ नये’ असं लिहिणं, यातून फक्त भांडणं वाढतात. काटेरी तार तर नकोच. पहाटेच्या अंधारात एखादं लेकरू अडकलं तर ते दुःख जन्मभराचं.

सरांनी वाट द्यायचं ठरवलं. प्लॉटच्या कडेने दोन फूट रुंदीची पट्टी उकरून मुरूम दाबला, वर शहाबादी फरशी. बाकी बाजूला मेंदीचं कुंपण लावलं, ते वाढेपर्यंत बांबू. नालीसाठी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली.

पुण्याच्या मुलाला वेगळीच धास्ती: “आज वाट दिली तर उद्या हक्क सांगतील.” ही भीती अनेकांना असते. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार असा वहिवाटीचा हक्क मिळायला 20 वर्षं अखंड, हक्क समजून केलेला वापर लागतो. मालकाच्या परवानगीने होणारी ये-जा त्यात धरत नाहीत. म्हणून फरशीच्या तोंडाशी पाटी लावली: ‘ही वाट मालकाच्या परवानगीने. मोगरा सांभाळा.’ तुम्ही असं काही करणार असाल तर पाटीचा मजकूर आधी वकिलाला दाखवून घ्या.

अजूनही एखादं पोरगं फरशी सोडून जातं. सर हाक मारतात, पाइप उचलत नाहीत. सूनबाई म्हणतात, झोप लागते आता.

परवा सरांचाच फोन आला. नालीचं काम झालं, लेकरं रस्त्यानेच जायला लागली. “चांगलं झालं,” म्हणाले. मग थोडं थांबून, “पण मॅडम, सकाळी उगं सुनंसुनं वाटतंय.”

बुधवारी या म्हटलं आहे. एकट्यानेच या, असंही सांगितलं आहे.