मोक्षधामाची वाट आणि बंधित पैसा

प्रश्न : आमच्या मोक्षधामाची वाट पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची होते. मागच्या श्रावणात तिरडी खांद्यावर असताना दोघं घसरले. पंचायतीच्या खात्यात 15 व्या वित्त आयोगाचे साडेचार लाख पडून आहेत. ग्रामसेवकभाऊ म्हणतात, ‘ते बंधित हायेत, रस्त्याले लावता येत नाहीत.’ गावचा पैसा गावच्याच कामाला का चालत नाही?
– एक पंचायत सदस्य, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, वाट झालीच पाहिजे. शेवटच्या प्रवासात कुणाची अशी आबाळ होऊ नये. पण ती या पैशातून होणार नाही, ग्रामसेवक बरोबर सांगतात.

2021-22 ते 2025-26 साठी या आयोगानं 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच लागणारा, ठेवला. त्यातला अर्धा स्वच्छतेला, अर्धा पिण्याच्या पाण्याला, पावसाचं पाणी साठवायला आणि पाण्याच्या पुनर्वापराला. उरलेला 40 टक्के अबंधित. तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, पगार आणि आस्थापना सोडून. म्हणजे बंधितचे साडेचार लाख असतील, तर त्याच हिशेबानं अबंधितचे तीन लाख येतात. ते कुठं लागले, हे मासिक सभेत विचारा. तुम्ही सदस्य आहात, रोकड वही मागून बघा. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावरही आराखडा आणि खर्च दिसतो.

मी ग्रामसेवक असताना एका गावात मार्चअखेरीस पाण्याचे पैसे चौकातल्या पेव्हर ब्लॉकला लावले. सही माझीच होती. मे महिन्यात बोरिंगची मोटर जळाली, नवीन घ्यायला खात्यात काही नव्हतं. बाया दीड किलोमीटरवरच्या शेतातल्या विहिरीवरून पाण्याचे गुंड डोक्यावर आणत होत्या. ठराव झाला त्या दिवशी सभेत एकही बाई नव्हती, सगळ्या हरभरा सोंगायला गेल्या होत्या. एक म्हातारी मला एवढंच म्हणाली, ‘साहेब, आमाले इचारलं असतं तं.’ तेव्हापासून बंधित निधी मला अडवणूक वाटत नाही. जे सभेत बोलायला येऊ शकत नाहीत, त्यांचा वाटा तिथं राखलेला असतो.

तुमच्या वाटेसाठी दुसरं दार आहे. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून जनसुविधेची कामं होतात, त्यात दहनभूमी आणि तिचा पोचरस्ता बसतो. ग्रामसभेचा ठराव घ्या, काम गावच्या विकास आराखड्यात चढवा आणि प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेला पाठवा. जागा सरकारी आहे की कुणाच्या सातबाऱ्यात, हे तलाठ्याकडून आधीच काढून ठेवा. प्रस्ताव बहुतेक तिथंच अडकतात.

आणखी एक. त्या वाटेवरून उन्हाळ्यात चालून या. उन्हाळ्यातही ओल दिसली, तर तो चिखल नुसत्या पावसाचा नाही, वस्तीचं सांडपाणी तिकडं उतरतं आहे. मग नाली आणि शोषखड्डे स्वच्छतेच्या सव्वादोन लाखांतून करता येतील, अर्धा त्रास तिथंच कमी होईल. कागदावर नाली दाखवून जमिनीवर रस्ता मात्र करू नका.