अवयव, विभाजक आणि १२,३४,५६,७८९

प्रश्न असा आहे की १२,३४,५६,७८९ या संख्येचे ‘अवयव’ कोणी तीन सांगतो, कोणी चार, तर कोणी बारा; यांपैकी बरोबर कोण?

बारा हे उत्तर विभाजकांचे आहे. ही संख्या म्हणजे ३² × ३६०७ × ३८०३. घातांकांत एकेक मिळवून गुणाकार केला की ३ × २ × २, म्हणजे बारा विभाजक मिळतात, आणि त्यांत १ व ती संख्या स्वतः यांचाही समावेश होतो. मूळ अवयव वेगवेगळे मोजले तर तीन आहेत आणि ३ दोनदा मोजला तर चार. विभाजकांना सर्रास अवयव म्हटले जाते, याचा मला मनापासून राग येतो, कारण मराठीने हा भेद क्रियापदांतही जपला आहे: विभाजक आपण शोधतो, अवयव मात्र पाडतो.

‘अवयव’ हा शब्द ‘अव’ हा उपसर्ग आणि ‘यु’ हा धातू यांपासून झाला आहे, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थांसह दिलेल्या यादीत, या ‘यु’चे मिश्रण आणि अमिश्रण असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत! ‘युती’ त्याच धातूची. जोडणे आणि विलग करणे या दोन उलट क्रिया ज्या धातूत एकत्र नांदतात, त्याच्यापासून झालेला शब्द मूळ अवयवांना मिळावा, यापेक्षा नेमके काय असू शकते? भागाकाराने ते सुटे होतात, गुणाकाराने पुन्हा तीच संख्या उभी करतात, आणि क्रम सोडला तर असा संच १ पेक्षा मोठ्या प्रत्येक पूर्ण संख्येला एकच असतो. न्यायशास्त्रात, म्हणजे न्याय या भारतीय दर्शनात, अवयवांपासून बनणाऱ्या पूर्ण वस्तूला ‘अवयवी’ म्हणतात; माझ्या मते १२,३४,५६,७८९ ही त्याच अर्थाने अवयवी आहे. बारा विभाजकांचा गुणाकार केला तर ती संख्या मिळत नाही, तिचा सहावा घात मिळतो.

म्हणूनच हिंदीतून मराठीत शिरू पाहणारा ‘गुणनखंड’ मला मान्य नाही. ‘खण्ड्’ धातू केवळ तोडतो. शिवाय भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) गुणकाचे जे ‘खंड’ सांगितले आहेत, ते बेरजेचे आहेत: १२ चे खंड ४ आणि ८. त्याच १२ ला ३ ने भागून ४ येतात म्हणून आधी एकाने आणि मग दुसऱ्याने गुणाकार करण्याची रीत तेथे वेगळी दिली आहे आणि तिच्यासाठी ‘खंड’ हा शब्द योजलेला नाही. हा शब्द जुन्या गणिती परंपरेतला आहे असे सांगणाऱ्यांनी ते सूत्र पुन्हा वाचावे.

‘मूळ संख्ये’ऐवजी ‘अविभाज्य संख्या’ लिहिण्याचा आग्रहही असाच निराधार आहे. ३६०७ ला १ ने आणि ३६०७ ने भाग जातोच. तिचे विभाजक दोन आहेत आणि मूळ अवयव एकच, ती स्वतः.