बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी इस्त्री 230 व्होल्टवर 4 अँपिअर घेते, तर तिचा रोध आणि पॉवर किती?

रोध 57.5 ओहम आणि पॉवर 920 वॅट. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो (230 ÷ 4), हा ओहमचा नियम. आणि दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर (230 × 4). म्हणजे इस्त्री तासभर सलग तापत राहिली तर 0.92 युनिट जळेल. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधूनमधून सप्लाय तोडतो, त्यामुळे कमीच. करंटसुद्धा इस्त्रीचा दिवा चालू असतानाच, म्हणजे सप्लाय तुटलेला नसताना मोजा.

संध्याकाळी व्होल्टेज 200 वर उतरलं तर पॉवर किती, इथे बरेच जण फसतात. 200 × 4 करून 800 म्हणू नका. कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो, करंट मात्र घटून साधारण 3.48 अँपिअर होतो, म्हणून पॉवर 696 वॅटच्या आसपास येते. व्होल्टेज 13 टक्के पडलं, पण उष्णता 24 टक्क्यांनी घटली! वायरिंगच्या कामात ‘इस्त्री नीट तापत नाही’ ही तक्रार आली, की मी आधी प्लगपाशी व्होल्टेज बघतो.

हा हिशेब इस्त्री, गीझर, विजेची शेगडी अशा कॉइल तापवणाऱ्या उपकरणांनाच लागू. पंखा किंवा पंप असेल तर गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला किती भाग खरी पॉवर असतो ते प्रमाण) गुणावं लागतं, आणि भागाकारातून येणारा आकडा वाइंडिंगचा (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांचा) रोध नसतो.