पोरगं कंपनीतले लॅपटॉप-मोबाईल सांभाळतं, ह्याला करिअर म्हणायचं का?

नमस्कार भाऊ,

उदगीरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. पोरानं बीसीए केलं, वाळूजला एका कंपनीत ठेकेदाराकडून डेस्कटॉप सपोर्टला लागला, आता तिथले साहेब म्हणायलेत की इंट्यूनच्या (सगळे लॅपटॉप-मोबाईल दुरून सांभाळायच्या सॉफ्टवेअरच्या) टीममध्ये ये, आणि तुम्हाला वाटायलंय की चुलतभाऊ पुण्यात कोडिंग करतो अन् आपलं लेकरू लोकांचे लॅपटॉप दुरुस्त करत बसणार, त्यापेक्षा 70 हजार भरून सायबर सिक्युरिटीचा क्लास लावू का. आधी उत्तर सांगतो, मग कारण. टीममध्ये जाऊ द्या, क्लासचे पैसे सध्या खिशातच ठेवा.

आता हे काम काय ते बघा. मोठ्या कंपनीत हजार-दोन हजार लॅपटॉप, साहेबलोकांचे मोबाईल, गोदामातले स्कॅनर, लाईनवरचे टॅब असं सगळं असतं. आधी आयटीवाला पेनड्राईव्ह घेऊन टेबलाटेबलावर फिरायचा. आता तेच एका स्क्रीनवरून होतं, ह्याला यूईएम (युनिफाइड एंडपॉइंट मॅनेजमेंट) म्हणतात, आणि त्याची सॉफ्टवेअर बरीच आहेत. इंट्यून मायक्रोसॉफ्टचं, जॅम्फ अॅपलच्या मशीनसाठी, झोहोचं मॅनेजइंजिन आहे, आपल्या पुण्याचं स्केलफ्यूजन आहे. नवा लॅपटॉप खोक्यातून काढून नेट जोडलं आणि कंपनीच्या आयडीनं लॉगिन केलं की ऑटोपायलट नावाची सोय त्यावर अॅप, सेटिंग, पासवर्डचे नियम आपोआप टाकते. विंडोजच्या बिटलॉकरनं डिस्कला कुलूप लागतं, म्हणजे चोरानं डिस्क काढली तरी आतलं वाचता येत नाही. सेल्सवाल्याचा फोन एसटीत राहिला तर इथं बसून लॉक करता येतो नाहीतर त्यातला सगळा डेटा पुसता येतो. आणि ज्या मशीनवर अपडेट नाही तिला कंपनीचा मेलच उघडू द्यायचा नाही, असाही नियम लावता येतो.

हीच सिक्युरिटी आहे की! 12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातली कम्प्युटर अडकवली, इंग्लंडमधल्या दवाखान्यांपर्यंत, आणि ती फट बुजवणारं पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं, लोकांनी लावलेलं नव्हतं एवढंच. क्लासवाले हॅकिंगचे काळे स्क्रीन दाखवतात, पण पॅच प्रत्येक मशीनवर गेलंय का हे रोज बघणारा माणूस कंपनीला आधी लागतो.

पण एक गोष्ट पोराला नीट समजली पाहिजे. ठिबकमधून चुकीचं औषध सोडलं तर एक ओळ नाही, अख्खा प्लॉट जातो. तसंच इथं एका क्लिकवर हजार मशीन असतात. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राईक नावाच्या सिक्युरिटी कंपनीचं एक चुकीचं अपडेट गेलं आणि जवळपास 85 लाख विंडोज मशीन निळा स्क्रीन दाखवून बंद पडल्या, आपल्याकडं विमानतळावर हातानं लिहून बोर्डिंग पास द्यावे लागले. बऱ्याच मशीन चालूच होईनात म्हणल्यावर दुरून काही करता येईना, शेवटी सेफ मोडमध्ये (विंडोज गरजेपुरतंच चालू करून) ती फाईल काढायला माणूस पाठवावा लागला, त्यात डिस्कला बिटलॉकर असलं तर रिकव्हरी की (कुलूप उघडणारा लांबलचक आकडा) पाहिजे, ती कुठं ठेवलीय हे ज्याला माहीत तोच त्या दिवशी राजा. म्हणून कुठलाही बदल आधी आयटीच्याच दहा-वीस मशीनवर, मग एका डिपार्टमेंटला, मग सगळ्यांना. हे ज्याच्या अंगात मुरलं तो टिकतो.

तुम्ही विचारलंय की हे सॉफ्टवेअर लोकांचे व्हॉट्सअॅप वाचतं का. नाही. स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर वर्क प्रोफाईल केलं की कंपनीचे अॅप वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यावर छोट्या बॅगेचं चिन्ह दिसतं. घरचे फोटो आणि चॅट कंपनीला दिसत नाहीत, नोकरी सोडली तर तेवढा कप्पाच पुसला जातो. कंपनीनं दिलेला फोन असला तर मात्र तो अख्खा पुसता येतो, तिथं घरचे फोटो ठेवूच नयेत.

शिकायचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्ट लर्न फुकट आहे, इंट्यूनची 30 दिवसांची ट्रायल मिळते, घरचा जुना लॅपटॉप त्यात जोडून मोडतोड करू द्या. नुसतं क्लिक करणाऱ्याला पुढं जागा नाही, पॉवरशेल (विंडोजला लिहून हुकूम द्यायची भाषा) यायलाच पाहिजे. नेटवर्किंग, मशीनची ओळख पटवणारी डिजिटल सर्टिफिकेट, एन्ट्रा आयडी (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सांभाळणारी सेवा) आणि लॉग म्हणजे मशीनच्या नोंदी वाचणं हेही. सहा-आठ महिने हातानं काम झालं की मायक्रोसॉफ्टची ह्याच कामाची एमडी-102 ही परीक्षा द्यावी, आधी पाठ करून देण्यात अर्थ नाही. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, जुन्या मशीन 11 वर न्यायचं काम बऱ्याच ठिकाणी उरलंय, ते त्यानं मागून घ्यावं.

पगार सुरुवातीला चुलतभावापेक्षा कमीच राहील, रात्रीची शिफ्ट पण येईल, गोड बोलून उपयोग नाही. पुढच्या नोकऱ्या पुणे-हैदराबादला जास्त, आणि उदगीरवाल्याला हैदराबाद पुण्यापेक्षा जवळच आहे.

टीम बदलताना एवढं विचारा की तो ठेकेदाराच्याच पगारावर राहणार की कंपनीच्या, पीएफ कापला जातो का, बॉन्ड आहे का. आणि कुणी ओरिजनल मार्कशीट जमा करा म्हणलं तर देऊ नका, झेरॉक्स द्या.