योसेफाची कोठारे: शासनाविषयी एका तरुणाला पत्र

पुणे कॅम्प

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. तरुण संघाच्या अभ्यासवर्गात ‘ख्रिस्ती माणसाला शासन लहान हवे की मोठे’ या प्रश्नावर दोन तट पडले आणि तुला कोणत्याच तटात बसता आले नाही, हे वाचून मला समाधान वाटले. एका बाजूने शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील आठवा अध्याय पुढे केला, दुसऱ्या बाजूने रोमकरांस पत्राचा तेरावा, आणि आपापला अध्याय वाचून होताच दोघांनीही शास्त्र मिटले, असे तू लिहितोस. माझे मत आधीच सांगून टाकतो. शासन किती मोठे असावे याचे माप पवित्र शास्त्रात दिलेले नाही. शासनाला कोणते काम नेमून दिले आहे, कोणते काम त्याच्या हाती सोपवता कामा नये आणि त्याने मर्यादा ओलांडली तर त्याला अडवणार कोण, याविषयी मात्र शास्त्र पुष्कळ बोलते. शासनाचा आकार या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून ठरतो.

तुमच्या वर्गातील दोन्ही अध्याय खरे आहेत. राजा तुमचे मुलगे रथांसाठी घेईल, मुलींना स्वयंपाकाला लावेल, उत्तम शेते काढून आपल्या सेवकांना देईल आणि पिकाचा दहावा भाग वसूल करील, असा इशारा शमुवेल संदेष्ट्याने दिला होता. तरीही देवाने इस्राएलाला राजा दिला. रोमकरांस लिहिताना प्रेषित पौलाने अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हटले आणि कर भरायला सांगितले. पण सेवक म्हटल्यावर मालक वेगळा आहे हेही त्यातच आले. याच पौलाला फिलिप्पैमध्ये चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले, तेव्हा गुपचूप निघून जाण्यास त्याने नकार दिला आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा आग्रह धरला. अधीनता म्हणजे मुकाट्याने सोसणे असा अर्थ लावणाऱ्यांनी प्रेषितांच्या कृत्यांतील हा सोळावा अध्याय जरूर वाचावा.

या विषयावर मला सर्वांत जास्त शिकवले ते मात्र योसेफाने. तुमच्या वर्गात त्याचे नाव निघाले नाही याचे मला नवल वाटते. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा भाग पुढच्या दुष्काळासाठी सरकारी कोठारांत साठवण्याची योजना त्याने मिसरचा राजा फारो याच्यापुढे मांडली. ते देवाने दिलेले शहाणपण होते, आणि त्यामुळे मिसरासकट आसपासच्या देशांतले लोकही जगले. येथवरची गोष्ट रविवारच्या शाळेत आपण सगळेच शिकतो. उत्पत्तीच्या पुस्तकाचा सत्तेचाळिसावा अध्याय तेथे सहसा शिकवत नाहीत. दुष्काळ लांबला, तसा धान्याच्या मोबदल्यात आधी लोकांचा पैसा फारोच्या घरी गेला, मग गुरेढोरे, मग जमिनी, आणि शेवटी लोकांनी स्वतःलाच फारोचे दास म्हणून देऊ केले. याजकांच्या जमिनी तेवढ्या सुटल्या, कारण त्यांना फारोकडून नेमणूक होती. (सत्तेच्या पंगतीला बसणाऱ्या धर्मगुरूंविषयी विचार करताना हा तपशील मी नेहमी ध्यानात ठेवतो.) योसेफाच्या मनात कपट होते असे मी म्हणत नाही, लोकांनी तर, तुम्ही आमचे प्राण वाचवले, असे म्हणून त्याचे उपकारच मानले. पण निर्गमाचे पुस्तक उघडताच योसेफाला न ओळखणारा नवा राजा गादीवर आलेला दिसतो. माणसे, जमीन आणि श्रम यांवरची सत्ता त्याला आयती मिळालेली आहे, आणि तिच्या जोरावर तो योसेफाच्याच कुळातील लोकांकडून पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरे बांधून घेतो. दयेच्या कामासाठी दिलेला अधिकार दयाळू माणूस गेल्यावर आपोआप परत येत नाही. म्हणून शासनाला अधिकार देताना, आजचा अधिकारी सज्जन आहे ना, एवढेच पाहून भागत नाही.

हे फार जुने वाटत असेल, तर आपल्या शहराकडे पाहा. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. साथ खरी होती, माणसे मरत होती आणि सरकारने काहीच केले नसते तर तोही गुन्हाच ठरला असता. पण त्याच वर्षी झालेल्या साथरोग कायद्याने अमर्याद अधिकार दिले, रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत, थेट स्वयंपाकघरापर्यंत आणि देवघरापर्यंत शिरले, आणि लोकांनी तक्रार न्यावी असे ठिकाण कोठे उरले नाही. त्या वेळी पंडिता रमाबाईंनी सरकारी प्लेग इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण होत नाही, असे वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे म्हणवत होते, तरी त्या गप्प बसल्या नाहीत. याच रमाबाईंनी, बाप्तिस्मा घेण्याच्या आदल्या वर्षी, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी सरकारकडे केली होती. म्हणजे सरकारने आणखी काम करावे असे म्हणणारी आणि सरकारने हात आवरावा असे म्हणणारी व्यक्ती एकच होती, आणि त्यात विसंगती नव्हती. दोन्ही वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे असहाय स्त्री होती. तुमच्या वर्गातील दोन तटांना मी हेच उदाहरण देईन.

तो १८९७ चा कायदा १२३ वर्षांनंतर, २०२० च्या मार्चमध्ये, करोनासाठी महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. आपली उपासना मंदिरे बंद झाली तेव्हा मंडळीतील काहींना तो छळ वाटला. मला तसे वाटले नाही. सर्व धर्मांच्या स्थळांना सारखाच नियम, आणि तोही जीव वाचवण्यासाठी, हे शासनाच्या नेमून दिलेल्या कामात बसते. व्यासपीठावरून काय बोलायचे हे उद्या शासन ठरवू लागले, तर ते त्या कामात बसणार नाही, आणि तेव्हा माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी लागेल.

आपल्याआधी ज्यांनी या सीमारेषेचा विचार केला, त्यांच्यापैकी दोघांकडे लक्ष दे. नेदरलँड्समध्ये अब्राहम कायपर यांनी १८८० मध्ये शासन आणि चर्च या दोहोंच्या ताब्याबाहेरचे विद्यापीठ उघडताना सांगितले, की कुटुंब, चर्च, विद्या आणि शासन यांना आपापले क्षेत्र देवाकडून मिळाले आहे आणि एकाने दुसऱ्याला गिळू नये. पुढे ते पंतप्रधान झाले आणि १९०३ मध्ये त्यांच्याच सरकारने रेल्वे कामगारांच्या संपावर बंदीचा कायदा आणला. इतका स्वच्छ विचार करणाऱ्यालाही खुर्चीवर बसल्यावर मजुरांचे क्षेत्र राखता आले नाही, असे माझे मत आहे. कॅथलिक परंपरेत पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य करूनही, श्रीमंत स्वतःचे रक्षण करू शकतात, शासनाने गरिबांकडे अधिक लक्ष द्यावे, असे बजावले. आणि १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनी, लहान समूहाला जमणारे काम मोठ्याने काढून घेणे हा अन्याय आहे, हे तत्त्व मांडले. नगर रोडवरील पेपल सेमिनरीतील कोणताही विद्यार्थी तुला हे अधिक नीट समजावून सांगेल. आपण प्रॉटेस्टंट असलो तरी जरूर जाऊन विचार.

तू विचारले आहेस, की गरिबांचे पोषण हे चर्चचे काम आहे, मग शासनाने त्यात का पडावे? आपल्या मंडळीतील एका वृद्ध विधवेबरोबर मी रेशनच्या दुकानात गेलो होतो. आयुष्यभर भांडी घासून तिच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत. दुकानदाराने ओल्या फडक्याने बोट पुसून पुन्हा पुन्हा मशीनवर ठेवले, पण अंगठा जुळेना. त्या महिन्याचे धान्य तिला मंडळीच्या दीनसेवा निधीतून मिळाले. पण आपला निधी किती घरांना पुरणार? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला आहे, आणि एवढ्या मोठ्या पोटाचा भार कोणत्याही मंडळीला पेलणारा नाही. दुसरीकडे, तिचा अंगठा का जुळत नाही हे मशीनला ठाऊक नाही. ते शेजारणीला आणि पाळकांना ठाऊक आहे. म्हणून धान्य शासनाने द्यावे, आणि तिच्याबरोबर परिमंडळ कार्यालयात जाऊन नोंद दुरुस्त करून घेण्याचे काम मंडळीने करावे. ते तरुण संघाने अंगावर घ्यावे, असे मी पाळकांना सुचवले आहे. तुझ्याकडे निरोप येईल.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. शासनाने आपल्या श्रद्धेला बळ द्यावे, अशी इच्छा कधी धरू नकोस. आपण या देशात मूठभर आहोत, हे त्याचे एक कारण झाले. पण आपण बहुसंख्य असतो तरी मी हेच लिहिले असते, कारण तलवारीच्या धाकाने झालेला विश्वास प्रभूला नको आहे.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, स्पर्धा परीक्षा द्यावी की नाही. १५२७ मध्ये स्वित्झर्लंडमधील श्लाइटहाइम येथे जमलेल्या ॲनाबाप्टिस्ट (बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या) बांधवांनी, ख्रिस्ती माणसाने दंडाधिकाऱ्याचे पदही घेऊ नये, असे ठरवले होते. पुढे त्यांच्यातील अनेकांनी श्रद्धेसाठी प्राण दिले, म्हणून त्यांचे म्हणणे मी हलक्याने घेत नाही. तरी मी तुला परीक्षा दे असेच सांगेन, आणि अभ्यास करताना नहेम्याचा पाचवा अध्याय जवळ ठेव असेही सांगेन. आधीच्या सुभेदारांनी लोकांवर भार घातला आणि त्यांचे चाकरही लोकांवर गुरकावत, असे तो लिहितो. त्याने स्वतः सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, जमीन विकत घेतली नाही, आणि कर्जापायी शेते व मुले गहाण पडलेल्यांची तक्रार ऐकताच सावकारांविरुद्ध उघड सभा बोलावली. मुख्य परीक्षेच्या नीतिशास्त्राच्या पेपरात मात्र वचने उद्धृत करू नकोस. तेथे युक्तिवाद सर्वांना पटेल अशा भाषेत मांडावा लागतो, आणि त्याचा सराव तुला अजून कमी आहे. पुढच्या शनिवारी उपासना मंदिरात येशील तेव्हा एक उत्तर लिहून आण, आपण बसून तपासू.

तुझा,
एक वडीलधारा सहविश्वासी